एका वादकाची अडगळ

कलावंत गेला म्हणजे त्याच्या घरात मागे काय उरते? लेखकाच्या घरी वह्या उरतात, चित्रकाराच्या घरी चित्रे उरतात. वह्या वाचता येतात, चित्रे भिंतीवर लावता येतात. वादकाच्या घरी मात्र वाद्ये उरतात, आणि वाजवणारा गेल्यावर वाद्य आपण होऊन काही बोलत नाही. त्यातून तो वादक यंत्रांच्या नादी लागलेला असला, तर मग पाहायलाच नको. वायरींची भेंडोळी, पाठ उघडी टाकलेले ऍम्प्लिफायर, मधोमध कापलेल्या गिटारी, आणि ज्यांवर नाव ना तारीख अशा ध्वनिफितींच्या चळती. घरच्या माणसांपुढे मोठा पेच पडतो : हे सारे जपायचे, की भंगारवाल्याला हाक मारायची?

असा पेच अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या माहवा या गावी एका घरात पडला. घर होते लेस पॉल या गिटारवादकाचे. त्यांचा जन्म १९१५ चा, आणि ऑगस्ट २००९ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. तोवर सत्तर-पंचाहत्तर वर्षे त्यांनी वाद्ये, ऍम्प्लिफायर, मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगची यंत्रे गोळा केली होती. गोळा केली यापेक्षा उघडली, कापली आणि पुन्हा जोडली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. जून २०१२ मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे या सामानाचा लिलाव झाला आणि जवळजवळ पन्नास लाख डॉलर जमा झाले. ते त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाला मिळाले. १९५१ सालची एक फेंडर गिटार एकटीच २ लाख १६ हजार डॉलरला गेली. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांची १९५२ सालची सोनेरी गिब्सन गिटार ९ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली.

आकडे ऐकून आपण थक्क होतो. पण आकड्यांवरून एवढेच कळते की घेणारे श्रीमंत होते. हा संग्रह समजून घ्यायचा असेल तर दुसऱ्या वाटेने जावे लागेल. त्यातली एकेक वस्तू हातात घ्यावी आणि विचारावे, ‘बाई ग, तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेस?’ कारण लेस पॉल यांच्या घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिथे आली होती. प्रश्न कळला तर ती वस्तू बोलते. प्रश्न हरवला तर तिचे लाकूड होते, लोखंड होते.

सुरुवातीचा प्रश्न अगदी पोरसवदा होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी, लेस्टर पोल्सफस हे मूळ नाव असलेल्या या मुलाच्या घरी आपोआप वाजणारा पियानो होता. त्यात भोके पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते, आणि जिथे भोक येते तिथे सूर वाजतो. मुलाने पाहिले, की भोक म्हणजेच सूर. मग आपण आणखी भोके पाडली तर? त्याने पाडली, आणि त्या गाण्यात आणखी सूर वाजू लागले. चुकीचे भोक चिकटपट्टीने बुजवायचे, हवे तिथे नवे पाडायचे. आधी ठरून गेलेल्या संगीतावर आपला सूर मागाहून चढवता येतो, हा धडा त्याला त्या कागदाने दिला. पुढे आयुष्यभर त्यांनी हीच भोके पाडली म्हटले तरी चालेल.

दुसरा प्रश्न रस्त्याकडेच्या एका खाणावळीत निघाला. मोटारी उभ्या असत, लोक गाडीत बसूनच खात, आणि हा पोरगा त्यांना गाऊन-वाजवून दाखवी. टेलिफोनचा बोलण्याचा भाग काढून त्याने मायक्रोफोन केला होता आणि घरचा रेडिओ हा त्याचा लाउडस्पीकर. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की आवाज ऐकू येतो, बाजा ऐकू येतो, पण गिटार काही ऐकू येत नाही. हा प्रसंग लेस पॉल यांनीच पुढे अनेकदा सांगितला आहे. त्यावर त्याने काय केले? ग्रामोफोनची सुई गिटारीच्या पाटीत खोचली आणि तिची वायर दुसऱ्या रेडिओला जोडली. गिटार मोठ्याने वाजू लागली. पण तिच्याबरोबर एक नवे दुखणेही आले.

ते दुखणे आपल्याला चांगले परिचयाचे आहे. गणपतीच्या मांडवात वक्ता मायक्रोफोन घेऊन कर्ण्यासमोर आला की एकदम कानठळ्या बसवणारी शीळ निघते, नाही का? कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनात शिरतो, तिथून वाढून पुन्हा कर्ण्यात येतो, आणि हे चक्र थांबत नाही. पोकळ गिटारीचे तसेच होते. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा विचार करा. तार बिचारी बारीक. तिच्या कंपनाने हलणारी हवा ती किती! ते कंपन घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात जाते, म्हणून तो गंभीर नाद खोली भरून टाकतो. साध्या गिटारीची पोकळ पेटी हेच काम करते. पण लाउडस्पीकर जवळ आला, की त्याच्या आवाजाने ती पेटीच थरथरू लागते आणि गिटार घोंगावते. पेटीने तार मोठी करायची, तर इथे लाउडस्पीकरच पेटीला वाजवू लागला!

मग पेटी हवीच कशाला? पोराने गिटारीत आधी चिंध्या कोंबून पाहिल्या, मग प्लास्टर भरून पाहिले. शेवटी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवला, त्यावर तार ताणली आणि तारेखाली टेलिफोनचा ऐकण्याचा भाग बसवला. रूळ हलत नाही, म्हणून तारेची शक्ती कुठे खर्च होत नाही. ती तार फार वेळ आणि स्वच्छ वाजत राहिली. प्रश्न सुटला, पण रूळ खांद्याला अडकवून वाजवणार कोण?

पुढे १९४० च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये एपिफोन गिटारींच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून लेस पॉल यांनी रुळाच्या जागी लाकूड आणले. चार इंच रुंद, चार इंच जाड असा पाइनचा सरळ ओंडका, त्याला गिटारीचा दांडा, वर पोलादी तारा आणि तारांखाली पिकअप. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज खेळू लागते. तीच वीज ऍम्प्लिफायर मोठी करतो. इथे लाकडाने नाद करायचा नसतो. त्याने फक्त तारेला पक्के धरून ठेवायचे असते.

या ओंडक्याला ते ‘लॉग’ म्हणत. मौज अशी, की नुसता ओंडका घेऊन वाजवायला बसले तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात काही गोडी वाटेना. मग त्यांनी एक एपिफोन गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्ध पंखांसारखे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले. नादात त्या पंखांचा काही उपयोग नव्हता, पण आता ती गिटार दिसू लागली आणि लोक खूष झाले. माणसे कानांइतकीच डोळ्यांनीही ऐकतात, हा त्या दोन पंखांचा अर्थ. नॅशव्हिल येथील कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयात हा लॉग आला. ज्याला ही हकिगत माहीत नाही, त्याला तो दाराच्या चौकटीचा तुकडा वाटेल.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. भरीव विजेची गिटार एकट्या लेस पॉल यांनीच शोधली असे म्हणणे बरोबर नाही. धातूची विजेची गिटार १९३० नंतर लगेच रिकनबॅकरने आणली होती. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव गिटार केली. आणि १९५० मध्ये लिओ फेंडर यांनी ती बाजारात आणली. गिब्सन कंपनीने लॉगला आधी हसण्यावारी नेले. पण फेंडरची गिटार खपू लागल्यावर तिचे डोळे उघडले आणि १९५२ मध्ये ‘लेस पॉल’ या नावाची गिटार निघाली. तिच्या आराखड्यात कंपनीच्या माणसांचा वाटा किती आणि पॉल यांचा किती, यावर जाणकारांत अजून वाद आहे. एकाच वेळी अनेक माणसे एकाच प्रश्नाशी झगडत असली म्हणजे असे व्हायचेच.

आता ऍम्प्लिफायरकडे वळू. आपली सामान्य समजूत अशी, की ऍम्प्लिफायर म्हणजे लहान आवाज मोठा करणारा डबा. पण त्या डब्याला स्वतःची प्रकृती असते. त्याच्या व्हॉल्व्हना झेपेल तेवढी वीज दिली तर नाद जसाच्या तसा मोठा होतो. जास्त दिली तर नादाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, आणि त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेले नवे खरखरीत स्वर निघतात. लेस पॉल यांना ही खरखर नको होती. त्यांना गिटारीचा सूर घंटेसारखा स्वच्छ हवा होता. म्हणून ते पुष्कळदा गिटारीची वायर ऍम्प्लिफायरला न लावता सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्राला लावत. नेहमीच्या पिकअपचा सूर लांब वायरीतून जाताना वरचे झिलईचे स्वर गमावतो. त्यासाठी त्यांनी कमी वेढ्यांच्या, कमी रोधाच्या पिकअपचा हट्ट धरला. १९७१ मध्ये निघालेल्या ‘लेस पॉल रेकॉर्डिंग’ या गिटारीत असेच पिकअप होते.

आणि दैवाचा खेळ पाहा! १९६६ मध्ये इंग्लंडात एरिक क्लॅप्टन या तरुण वादकाने लेस पॉल यांच्या नावाचीच गिटार मार्शलच्या ऍम्प्लिफायरला जोडली आणि तो इतका चढवला, की लेस पॉल जी खरखर आयुष्यभर टाळत आले, तीच त्या ध्वनिमुद्रिकेचा प्राण ठरली. आज जगभर ही गिटार विकत घेणारी मुले बहुधा त्याच खरखरीसाठी घेतात. वाद्य तेच, वाजवणाऱ्याचा प्रश्न बदलला की त्याचे उत्तरही बदलते.

यापुढचा भाग मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे घरच्या घरी केलेले ध्वनिमुद्रण.

लेस पॉल यांना एकट्याने अनेक गिटारी वाजवायच्या होत्या. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १९४१ मध्ये सिडनी बेशे या वादकाने एकाच रेकॉर्डवर सहा वाद्ये एकट्याने वाजवली होती. लेस पॉल यांनी मात्र हा प्रयोग आपल्या घरात आणून त्याची रीत बसवली. हॉलिवूडमध्ये घराच्या गॅरेजात त्यांनी तबकड्या कोरण्याची यंत्रे बसवली. फिरणारा पाट जड आणि समतोल पाहिजे, नाहीतर सूर डगमगतो. तेव्हा त्यांनी त्या जागी कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील बसवले! रीत अशी : एक तबकडी वाजवायची, तिच्या साथीला स्वतः वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. मग दुसरी वाजवून तिसरीवर. दर वेळी एक थर चढतो. पण दर वेळी जुना थर थोडा मळतो, आणि सुईची खरखर थोडी वाढते. छायाचित्राचे छायाचित्र, आणि पुन्हा त्याचे छायाचित्र काढीत गेल्यासारखे ते होते. म्हणून ते कमी महत्त्वाचे थर आधी वाजवीत आणि मुख्य सूर सर्वांत शेवटी, म्हणजे तो ताजा राहतो. १९४८ मध्ये अशा रीतीने केलेली ‘लव्हर’ ही तबकडी बाहेर पडली. तीत एकाच माणसाच्या आठ गिटारी आहेत.

त्याच वर्षी जानेवारीत ओक्लाहोमात त्यांची मोटार घसरून पुलाखाली गेली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. कोपर पुन्हा हलणार नाही हे ठरल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगून हात अशा कोनात जोडून घेतला, की गिटार धरता यावी. त्यापुढची साठ वर्षे ते त्याच वाकड्या हाताने वाजवीत होते.

१९४९ मध्ये गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्स कंपनीचा टेपरेकॉर्डर दिला. यामागे एक इतिहास आहे. चुंबकीय फितीवर उत्तम मुद्रण करण्याची कला जर्मनीत वाढली. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने तिथली दोन यंत्रे घरी नेली आणि सुधारली. क्रॉस्बींना रेडिओवर दर आठवड्याला प्रत्यक्ष हजर राहून गाण्याचा कंटाळा होता. १९४७ पासून त्यांचा कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊ लागला. म्हणजे पाहा, एका गायकाच्या कंटाळ्यातून एक धंदा उभा राहिला!

टेपरेकॉर्डरात फीत क्रमाने तीन हेडांसमोरून जाते. पहिले जुने पुसते, दुसरे नवे लिहिते, तिसरे वाचते. लेस पॉल यांनी पुसणाऱ्या हेडच्या आधी आणखी एक वाचणारे हेड बसवले. एवढीच युक्ती! आता जुना सूर पुसला जाण्याआधी वाचला जाई, तो वादकाच्या कानी पडे, त्यात नवा सूर मिळे, आणि दोन्ही मिळून त्याच फितीवर पुन्हा लिहिले जात. दोन यंत्रांचे काम एकाने होऊ लागले. पेटीत घालून ते हॉटेलच्या खोलीतही नेता येई.

पण या युक्तीत केवढी जोखीम होती! जुना थर पुसला गेला तो गेलाच. दहाव्या थराला मोटारीचा कर्णा वाजला, शिंक आली, एक सूर खाली पडला, तर नऊ थरांची मेहनत त्याबरोबर नष्ट. मागे जायला वाट नाही, पुन्हा श्रीगणेशा. आणि ही जोखीम लेस पॉल एकटे घेत नव्हते. त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड याही गिटारवादक आणि गायिका होत्या. मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभे राहून, स्वतःच्याच आवाजाशी स्वर मिळवीत, त्या एकामागून एक थर गात. प्रत्येक शब्दाचा आरंभ आणि शेवट आधीच्या शब्दाशी तंतोतंत जुळावा लागे. १९५१ मध्ये ‘हाउ हाय द मून’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातल्या साऱ्या बायका म्हणजे एकट्या मेरी फोर्ड. लिलावाच्या यादीत यंत्रांना किंमत लागली. मेरीबाईंच्या त्या अचूक कानाला कुठला क्रमांक देणार? १९६४ मध्ये हे लग्न मोडले आणि १९७७ मध्ये त्या वारल्या. घरातली यंत्रे पाहताना हे विसरता कामा नये, की त्या यंत्रांसमोर एक बाई उभी होती आणि ती चुकत नव्हती.

चुकले तर सगळे जाते, हाच पुढचा प्रश्न झाला. प्रत्येक थराला फितीवर स्वतंत्र वाट दिली तर? एक इंच रुंद फीत, तीवर शेजारी-शेजारी आठ वाटा. एक वाट बिघडली तर तेवढीच पुन्हा करायची. पण अडचण होती. लिहिणारे हेड आणि वाचणारे हेड यांत काही अंतर असते. फीत सेकंदाला पंधरा इंच धावते. अंतर दीड इंच मानले, तर वाचलेला सूर एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याच्या साथीने वाजवले की नवा थर तेवढाच मागे पडणार. तबलजी एक दशांश सेकंद मागे राहिला तर मैफलीचे काय होईल? अँपेक्स कंपनीतील रॉस स्नायडर यांनी यावर तोड काढली, ती अशी, की लिहिणाऱ्या हेडलाच शेजारच्या वाटा वाचायला लावायचे. वाचणे आणि लिहिणे एकाच जागी आले, म्हणून उशीर उरला नाही. १९५७ मध्ये असे आठ वाटांचे पहिले यंत्र सुमारे दहा हजार डॉलरला लेस पॉल यांच्या माहव्याच्या घरी आले. आठ वाटांमुळे त्याला ‘ऑक्टोपस’ हे नाव पडले. त्याला साजेसा नियंत्रणाचा मोठा पाट राइन नार्मा या अभियंत्याने बांधला.

आज माझ्या वर्गातली मुले खिशातल्या फोनवर आठच काय, वीस-वीस थर चढवतात. चुकले तर बोटाने पुसतात. त्यांना ही सोय कुठून आली हे ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सोय एकदा अंगवळणी पडली की तिच्यामागचा प्रश्न दिसेनासा होतो. म्हणून तर ऑक्टोपससारखे यंत्र कुठेतरी डोळ्यांसमोर असावे. लेस पॉल यांचे काही साहित्य मिलवॉकी येथील डिस्कव्हरी वर्ल्डमध्ये २००८ साली प्रदर्शनात मांडले गेले; माहव्याच्या संग्रहालयानेही त्यांच्यासाठी दालन केले. बाकीचे लिलावातून चहूकडे गेले. सुदैव एवढेच, की हा माणूस बोलका होता. बोटे संधिवाताने आखडली, तरी नव्वदी ओलांडेपर्यंत दर सोमवारी न्यूयॉर्कच्या एका क्लबात तो वाजवी, आणि मध्येमध्ये गोष्टी सांगे. त्या गोष्टींमुळे आज तो ओंडका आपल्याला ‘लॉग’ म्हणून कळतो.

सगळेच वादक इतके बोलके नसतात, आणि म्हणून ही परदेशातली हकिगत आपल्या घराशी येऊन ठेपते. गाण्याबजावण्याची घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या माळ्यावर स्पूल आहेत, कॅसेटी आहेत, जुने ऍम्प्लिफायर आहेत, घोडीखाली कसलासा तुकडा सारलेला एखादा तंबोरा आहे. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, फितीवर बुरशी चढते. स्पूल वाजवणारे यंत्र दर वर्षी दुर्मिळ होत चालले आहे. फिती कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्या, लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्या, आणि जमेल तितक्या लवकर जाणत्याकडून त्यांची नवी प्रत करून घ्यावी. हे तर करावेच.

पण त्याआधी, घरातला वादक हयात असेल तर त्याच्याजवळ बसावे. एकेक वस्तू त्याच्या हातात द्यावी आणि विचारावे, ‘आजोबा, हा तुकडा इथे का सारला? ही वायर कशासाठी जोडली? या फितीवर साथीला कोण आहे?’ तो जे सांगेल ते फोनवर मुद्रित करून घ्यावे, आणि चिठ्ठीवर नाव, साल, ठिकाण लिहून त्या वस्तूला बांधावे. चिठ्ठीला खर्च काही येत नाही. पुढे कुणी भंगारवाल्याला हाक मारायला दारात गेलाच, तर ती चिठ्ठी वाचून कदाचित माघारी वळेल.